पानावरील अन्न आणि पेढीवरील साख

व्यापारी मनुष्यास परगावी जाणे चुकत नाही, आणि परगावी गेल्यावर जेवणाचा प्रश्न चुकत नाही. आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. घरून दशम्यांची शिदोरी न्यावी, पाणी गाळून प्यावे, उतरावयाचे ते आडत्याच्या घरी अथवा धर्मशाळेत, आणि दिवस मावळण्यापूर्वी दोन घास खाऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा शिरस्ता असे. मुंबईस गेलेल्या आपल्याकडील कित्येक मंडळींना सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा घरच्यासारखी वाटे. हॉटेलात बसून खाणे ही गोष्ट त्या पिढीस केवळ गैरसोयीची नव्हे, तर कमीपणाची वाटत असे.

आता काळ पालटला आहे. दाणाबंदरचा घाऊक धान्यबाजार १९९० च्या दशकात वाशीस गेला. आडत्याचे घर एकीकडे, पेढी दुसरीकडे, आणि सौदे बहुधा टेलिफोनवर, अशी स्थिती झाली. ज्याच्याकडे वर्षाकाठी शेकडो पोती माल आपण पाठवितो, त्याच्या घरचा उंबरठाही आपण पाहिलेला नसतो. त्यामुळे सभासदबंधूंना आणि त्यांच्या कुटुंबियांना महानगरात उपाहारगृहाचा आश्रय घ्यावा लागतो. तेव्हा हे उपाहारगृह म्हणजे काय प्रकरण आहे, ते कोणत्या नीतीवर चालते, आणि धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने त्यापासून काय शिकावे, याचा थोडा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे वाटते. पंचतारांकित भोजनालयांशी मला कर्तव्य नाही. साधे, स्वच्छ, मध्यम दराचे, दोन माणसांनी पोटभर खाल्ले तरी पाचशे रुपयांच्या नोटेच्या आसपास भागते असे जे उपाहारगृह, तेवढ्यापुरतेच हे विवेचन आहे. अशा उपाहारगृहांत शाकाहारी मनुष्यास निःशंकपणे शिरता येते, ते विशेषेकरून उडुपी मंडळींच्या.

उडुपीचा वारसा

उडुपी हे दक्षिण कानडा भागातील श्रीकृष्णाचे क्षेत्र. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या परंपरेतील आठ मठ तेथे आहेत, आणि श्रीकृष्णाच्या पूजेचा अधिकार दर दोन वर्षांनी एका मठाकडून दुसऱ्या मठाकडे जातो. यास पर्याय म्हणतात. हजारोंच्या पंगती उठविणाऱ्या या क्षेत्रात स्वयंपाकाची एक शिस्त शतकानुशतके मुरली. कांदा-लसूण वर्ज्य, चातुर्मासात पहिल्या महिन्यात भाजी, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्ये वर्ज्य, असे त्यांचे नियम आहेत. आपल्या वाचकांस ही भाषा परकी वाटणार नाही. ज्या स्वयंपाकघरात काय शिजवावे याबरोबरच काय शिजवू नये याचाही विचार होतो, तेथील आचाऱ्याच्या हाताला आपोआप एक वळण लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच भागातील होतकरू माणसे पोटापाण्यासाठी मद्रास, बंगळूर, मुंबई येथे गेली आणि त्यांनी तेथे उपाहारगृहे थाटली. मुंबईत माटुंगा हा भाग त्यांस विशेष मानवला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा या बाजूस आखीव-रेखीव वस्ती वसविली. तेथे दाक्षिणात्य नोकरदार मोठ्या संख्येने राहावयास आले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या जिभेची सोय करणारी हॉटेलेही आली. किंग्ज सर्कलजवळील कॅफे मद्रास हे १९४० सालचे. माटुंगा स्टेशनानजीकचे ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे. ज्या दोन वर्षांत महायुद्धामुळे धान्याची चणचण सुरू झाली, त्याच सुमारास ही घरे उभी राहिली आणि आजतागायत टिकून आहेत, ही गोष्ट व्यापारी मनुष्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या धंद्यातील पुष्कळ मालकांचे आयुष्य बाकडी पुसण्यापासून सुरू झाले. दक्षिण कानड्यातून आलेली पोरे दिवसा हॉटेलात कपबश्या विसळीत आणि रात्री मुंबईतील कानडी रात्रशाळांत शिकत. त्यांतले काही वाढपी झाले, काही गल्ल्यावर बसले, आणि काहींनी पुढे स्वतःची पाटी लावली. १९७४ मध्ये कर्नाटकात कूळकायद्याची नवी दुरुस्ती अमलात आल्यावर ज्यांच्या जमिनी गेल्या अशा बंट समाजातील अनेक कुटुंबांनीही हाच मार्ग धरला. मुंबईतील कित्येक हॉटेलांच्या गल्ल्यावर आज शेट्टी आडनावाचे गृहस्थ दिसतात, त्यामागे ही हकीकत आहे. पेढीवर झाडलोटीपासून सुरुवात करून खतावणीपर्यंत पोहोचलेल्या आपल्या जुन्या मुनीमांची आठवण या माणसांकडे पाहून होते.

पंगतीची रीत

माटुंग्याच्या अशा एखाद्या हॉटेलात सकाळी आठ वाजता जावे. दारापाशी माणसे ताटकळत उभी असतात. एक गृहस्थ हातात कागद घेऊन नावे टिपतो आणि क्रमाने पुकारतो. तेथे मोटारीतून आलेला आणि पायी आलेला यांत भेद नाही. आत गेल्यावर आपण दोघेच असलो तर चौघांच्या टेबलावर दोन अनोळखी माणसांसमवेत बसावे लागते. प्रथम संकोच वाटतो. पण समोरचा मनुष्य मुकाट्याने चटणीची वाटी पुढे सरकवितो आणि संकोच मावळतो.

ऑर्डर सांगितल्यापासून पाच-सात मिनिटांत बशी समोर येते. इडली वाफाळती असते, मेदूवडा बाहेरून कुरकुरीत आणि आतून हलका असतो. रसमात बुडविलेला वडा ही तेथील खास गोष्ट. तिखट-आंबट रसम वड्यात मुरते आणि प्रत्येक घासाला मिऱ्याचा झटका देते. नाचणीचा डोसाही मिळतो, हे पाहून आपल्याकडील शेतकऱ्यास समाधान वाटेल. ज्या धान्यास शहरी माणूस कालपरवापर्यंत गरिबाचे म्हणून नाक मुरडी, त्याच धान्यासाठी तो आता रांगेत उभा राहतो. शेवटी पितळी किंवा पोलादी पेला आणि त्याखाली पसरट वाटी, अशी कॉफी येते. ती वर-खाली ओतून निववावी आणि उठावे. खाणे झाल्यावर गप्पा मारीत बसण्याची तेथे सोय नाही, आणि ती अपेक्षाही कोणी ठेवीत नाही. बाहेर आपल्याच सारखी भुकेली माणसे उभी आहेत, याचे भान सर्वांना असते.

बोर्डिंगमधील दुपारचे जेवण निराळे. तेथे केळीचे पान मांडतात. कोशिंबीर, दोन भाज्या, पापड, भात, सांबार, रसम, ताक अशी क्रमवार वाढप होते. वाढपी पानावर नजर ठेवून असतो. हवे ते पुन्हा वाढतो, आणि नको म्हटले की थांबतो. लग्नसमारंभात अर्धे पान टाकून उठणारे आपलेच आप्त येथे मात्र पान स्वच्छ करून उठतात. याचे कारण उघड आहे. लागेल तेवढे आणि लागेल तेव्हा वाढले की माणूस उगाच साठा करीत नाही. बाजारातही हाच नियम आहे. उद्या माल मिळेल याची खात्री असली म्हणजे गिऱ्हाईक आज दोन पोती जास्त नेत नाही.

पानामागचे धान्य

आता आपल्या विषयाकडे वळतो. खाणाऱ्यास इडली दिसते. धान्याच्या व्यापाऱ्यास तीत उडीद आणि तांदूळ दिसतो. इडलीचे प्रमाण घरोघरी आणि हॉटेलागणिक वेगळे असते. एक भाग उडदास दोनपासून चार भाग तांदूळ, असे ते धरावे. तांदूळ बहुधा उकडा. दोन्ही वेगवेगळे भिजवावयाचे, वेगवेगळे वाटावयाचे, मग एकत्र करून रात्रभर आंबू द्यावयाचे. उडीद जुना अथवा कीड लागलेला असेल तर पीठ फुगत नाही, इडली चपटी आणि घट्ट होते. नव्या हंगामातील टपोरा उडीद गोटा असेल तर त्याच मापात पीठ अधिक निघते. म्हणून जाणता हॉटेलवाला क्विंटलचा भाव विचारण्यापूर्वी उडीद कोणत्या हंगामाचा, हे विचारतो. जो केवळ भाव विचारतो तो लवकरच गिऱ्हाईक गमावतो आणि पुढे आपली उधारीही बुडवितो, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

या उडदाचा प्रवासही विलक्षण आहे. देशातील पीक पुरत नाही म्हणून आपण तो बाहेरून मागवितो, आणि त्याचा मोठा भाग म्यानमारहून, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशातून येतो. तेथे पाऊस लांबला अथवा जहाज अडले की आपल्या बाजारातील भाव हलतो, आणि चार दिवसांनी माटुंग्यातील आचारी कपाळाला आठ्या घालतो. वड्याच्या मधले ते छिद्र पाहून लहान मुले हसतात. परंतु त्या छिद्रातून पाहिले तर रंगून बंदर दिसते, असे म्हटल्यास ती केवळ थट्टा होणार नाही.

दराची कसोटी

ब्रह्मदेशाचा उल्लेख आला म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. तांदूळ नाही तर इडली कशाची करावयाची, हा प्रश्न दक्षिणेकडील प्रत्येक हॉटेलापुढे उभा राहिला. बंगळुरास मैय्या बंधूंचे एक उपाहारगृह १९२४ पासून चालू होते. पुढे १९६० मध्ये ते लालबाग रस्त्यावर गेले आणि मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे एम.टी.आर., या नावाने प्रसिद्ध झाले. तांदळाच्या टंचाईत तेथे गव्हाच्या रव्यात दही घालून इडली करून पाहिली आणि रवा इडली जन्मास आली, असे ती संस्था सांगते. आज जो पदार्थ आपण आवडीने खातो, तो मुळात धान्यटंचाईवरील तोड आहे.

त्याच संस्थेची दुसरी हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. हॉटेलांतील खाद्यपदार्थ अगदी कमी दराने विकले पाहिजेत, असे सरकारी बंधन पडले. त्या दरात चांगले तूप, चांगली डाळ, चांगली कॉफी बसेना. दोन मार्ग होते. मालात खोट करून दार उघडे ठेवावयाचे, किंवा माल राखून दार बंद करावयाचे. एम.टी.आर.ने दुसरा मार्ग पत्करला. उपाहारगृह बंद केले, शेजारच्या दुकानातून मसाले आणि तयार पिठे विकावयास आरंभ केला, आणि १९८४ मध्ये पुन्हा हॉटेलाचे दार उघडले. इतक्या वर्षांनी गिऱ्हाईक परत आले, कारण ते विश्वासाने गेले होते. जो धंदा नाइलाजाने सुरू झाला तो तयार पिठांचा धंदा इतका वाढला की २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीने तो विकत घेतला. उपाहारगृहे मात्र मैय्या घराण्याकडेच राहिली. साखेचे मोल रोकडीत कसे होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मजजवळ नाही.

आपल्यावरही असा प्रसंग येऊन गेला आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, गोदामांची तपासणी झाली, आणि वर्तमानपत्रांतून सरसकट सर्व धान्यव्यापाऱ्यांना साठेबाज ठरविण्यात आले. त्या दिवसांत आमच्या पेढीवर दोन हॉटेलवाले आले. दोघांचीही नावे सांगण्याचे कारण नाही. पहिल्याने डाळीत लाखेची डाळ मिसळून दर खाली आणण्यास सुचविले. शिजल्यावर सांबारात कोणाला कळणार आहे, असे त्याचे म्हणणे. लाखेची डाळ दीर्घकाळ व अधिक प्रमाणात पोटात गेल्यास पाय लुळे पडतात, हे आपल्या व्यवसायात कोणास ठाऊक नाही? त्यास आम्ही नम्रपणे दुसरी पेढी पाहण्यास सांगितले, आणि चौदा वर्षांचे ते गिऱ्हाईक तुटले. वर्षाअखेर खतावणी मांडताना ती तूट डोळ्यांत भरण्याइतकी मोठी होती, हेही सांगितले पाहिजे. प्रामाणिकपणाचा मोबदला तत्काळ मिळतो, असे मुलांना शिकवू नये. तो पुष्कळदा मिळत नाही.

दुसरा हॉटेलवाला आला तो डाळीचा भाव ऐकून काही वेळ गप्प बसला. मग नेहमीचीच डाळ नेहमीच्याच पोत्यांत पाठविण्यास सांगून गेला. पुढील आठवड्यात त्याच्या गल्ल्यामागे एक पाटी दिसली: डाळ महागल्यामुळे सांबाराची दुसरी वाटी मिळणार नाही, गिऱ्हाइकांनी क्षमा करावी. लोकांनी ती पाटी वाचली, थोडी कुरकुर केली, आणि ते येत राहिले. माप कमी केले तर सांगून करावे, परंतु माल बदलू नये, हा धडा त्या पाटीने मला दिला.

आपले नियम आणि हॉटेलची भाषा

आपल्या कुटुंबांना हॉटेलात जाताना काही गोष्टींचा विचार करावाच लागतो. मुंबईतील उपाहारगृहांत जैन हा शब्द आता पाकक्रियेचे विशेषण बनला आहे. जैन पावभाजी म्हटले की बटाट्याऐवजी कच्चे केळे आणि कांदा-लसूण नाही, हे वाढप्यासही ठाऊक असते. तथापि तेवढ्या शब्दावर विसंबू नये. मसाला डोशाच्या भाजीत बटाटा-कांदा असतो, म्हणून साधा डोसा मागावा. सांबारात कांदा अथवा गाजर आहे का, ते आधी विचारावे. हॉटेलवाला उडुपीचा असला तरी मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या चवीसाठी तो कांदा घालतो. दहीवड्यात उडीद आणि कच्चे दही एकत्र येते; द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी तो टाळावा. रात्रभर आंबविलेले पीठ ज्यांना चालत नाही, त्यांना इडली-डोसाही चालणार नाही. अशांनी ताजे उप्पीट किंवा भात मागविणे श्रेयस्कर. सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे असेल तर सायंकाळी पाचच्या सुमारास जावे. त्या वेळी गर्दीही कमी असते.

या बाबतीत घरातील वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनी परस्परांवर रागावू नये, अशी माझी विनंती आहे. माझ्या आईने अखेरपर्यंत हॉटेलातील पाणीदेखील घेतले नाही. मुंबईस सुनेच्या औषधोपचारासाठी आम्ही महिनाभर राहिलो, तेव्हा ती खोलीवर स्टोव्ह पेटवून वरण-भात करी. आणि नातवंडांना मात्र स्वतःच्या पदराच्या गाठीचे पैसे देऊन डोसा खावयास पाठवी. मी एकदा विचारले की, तुला चालत नाही ते त्यांना कसे चालते? ती म्हणाली, "माझा नियम माझ्यासाठी आहे रे. त्यांचा त्यांना सुचेल तेव्हा ती घेतील. तोवर उपाशी का ठेवू?" नियम कडक असावा, पण तो स्वतःपुरता, ही गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली. आज त्या नातवंडांपैकी एक जण चातुर्मासात बाहेरचे काही खात नाही. त्यास कोणी सांगितलेले नाही.

सभासदांस दोन शब्द

हॉटेलवाले आणि आपण, एकाच पानाच्या दोन बाजूंस बसलेले लोक आहोत. त्यांच्यावर कराचा बोजा आहे, तसा आपल्यावरही आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांना पाच टक्के कर लागू झाला. पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मात्र त्यांस मिळेनाशी झाली. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील धान्यावरही पाच टक्के कर आला. दोन्हीकडे खर्च वाढतो, आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक जुन्याच भावाची आठवण काढते. अशा वेळी एकमेकांच्या डोक्यावर तोटा ढकलण्याचा मोह होतो. हॉटेलवाला उधारी तीस दिवसांवरून नव्वद दिवसांवर नेतो. आपण वरच्या थराला चांगला नमुना आणि पोत्याच्या तळाशी हलका माल भरतो. दोन्हीही चोऱ्याच आहेत, आणि दोन्हींचा भुर्दंड शेवटी बाकड्यावर बसलेल्या त्या अनोळखी माणसाच्या पोटास पडतो.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. हॉटेलांना माल देणाऱ्या सभासदांनी नमुन्याची पुडी दोघांच्या सहीनिशी माल संपेपर्यंत जपून ठेवावी. तंटा मिटविण्यास यासारखे साधन नाही. उधारीची मुदत तोंडी न ठेवता लिहून घ्यावी. मिसळीचा माल मागणारे गिऱ्हाईक कितीही मोठे असले तरी सोडावे, आणि ते सोडल्याचे आपल्या शेजारच्या पेढीस कळवावे; नाहीतर आपण नाकारलेला सौदा दोन दुकाने पलीकडे बिनबोभाट होतो. आपल्या संघाने वर्षातून एकदा गावातील हॉटेलवाल्यांस बोलावून धान्याची प्रत आणि हंगाम यांविषयी मोकळी चर्चा घडवून आणावी, असेही सुचवावेसे वाटते.

आणि सभासदबंधूंनो, पुढील खेपेस मुंबईस किंवा बंगळुरास गेलात, तर कामे उरकल्यावर सहकुटुंब अशा एखाद्या साध्या उपाहारगृहात अवश्य जा. मुलांना इडली खाऊ द्या, आणि ती खात असताना त्यांना सांगा की, हा उडीद कोठून आला, तो कोणी निवडला, आणि तो निवडताना कोणास किती वेळा खोटे बोलणे सहज शक्य होते. पेढी पुढे त्यांनाच चालवावयाची आहे.